बंड, उठाव, क्रांती की नुसतीच टीका? (आठवीतल्या पोराचा प्रश्न)

अर्धी_पोळी (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, एक शाळकरी प्रश्न आहे, हसू नका. लेक आठवीत आहे. संध्याकाळी इतिहासाचं पुस्तक घेऊन ओट्यापाशी उभा राहून मोठ्याने वाचत होता, "१८५७ चा स्वातंत्र्यलढा". सासरे बाहेर पेपर वाचत होते, ते तिथूनच ओरडले, "आमच्या वेळी त्याला शिपायांचं बंड म्हणायचे!" तेवढ्यात टीव्हीवर खाली पट्टी गेली, कुठल्याशा निवडणुकीत "बंडोबा झाले थंडोबा". पोराने तिन्ही ऐकलं आणि मला विचारतो, आई, तिकीट नाही मिळालं म्हणून अर्ज भरला तर ते बंड, आणि इंग्रजांशी लढले तेही बंडच, मग क्रांती कशाला म्हणायचं? आणि तू रोज आजोबांवर जी करतेस ती काय?

शेवटच्या प्रश्नाला सासरे पेपरच्या मागे हसत होते, मला दिसलं. या गडबडीत डाळ खाली लागली ती वेगळीच.

तर गंभीरपणे विचारते. बंड, उठाव, विद्रोह, क्रांती, टीका हे सगळे आपण सर्रास वापरतो. फरक नेमका काय? पुस्तकी व्याख्या नकोत, त्या गूगलवर आहेत. तुमच्या घरात, गावात, ऐकण्यात असं काही घडलंय का ज्याला काय म्हणायचं यावरून वाद आहे?

टवाळ_कार्टा (९:४४)

रुमाल टाकून ठेवतो. राजकारणावर गेला की पॉपकॉर्न आणतो.

गूळखोबरं (९:५८)

उठाव म्हणजे काय ते मला विचारा. वीस वर्षं मार्केट यार्डात काढलीत. "आज मालाला उठाव नाही" हे वाक्य रोज सकाळी सहा वाजता ऐकतो. जो माल पडून राहतो त्याला उठाव नसतो. माझ्या मते नेत्यांचंही तेच आहे, ज्यांना पक्षात उठाव नसतो ते बंड करतात आणि वर सांगतात बंड नाही हो, उठाव आहे.

टवाळ_कार्टा (१०:०१)

गूळखोबरं, धागा इथेच संपला. बाकीच्यांनी घरी जावं.

वाचस्पती (१०:३२)

व्याख्या नकोत म्हणालात तरी शब्दांच्या गमती सांगतो, राहवत नाही.

क्रांती हा शब्द "क्रम्" धातूवरून, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांत त्याच घरातली. पंचांगात "क्रांतिवृत्त" असतं, सूर्याचा आकाशातला वर्षाचा मार्ग. म्हणजे मुळात या शब्दात रक्तबिक्त काही नाही, एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं एवढंच. योगायोग बघा, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये, त्यावरून घरं जळली, माणसं मेली, आणि शेवटी नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. संक्रांतीच्या दिवशी. एका नावाला सोळा वर्षं लागली.

आणि टीका. आपल्याकडे टीका म्हणजे आधी भाष्य. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, शके १२१२ ची. टीका म्हणजे शिव्या घालणं हा अर्थ नंतर चिकटला. पण मला वाटतं दोन्ही अर्थ एकच आहेत, कारण जे संस्कृतात कुलूपबंद होतं ते मराठीत उलगडून सांगितलं की कुलूपवाल्यांवर आपोआप टीका होतेच. वेगळ्या शिव्या द्याव्या लागत नाहीत.

मुळामुठा (१०:५०)

वाचस्पती, छान लिहिलंय पण धातू बघून काही कळत नाही. साधी गोष्ट आहे, जिंकला तर क्रांती, हरला तर बंड. नाव ठेवणारा कोण ते बघा. वरसईच्या गोडसे भटजींचं प्रवासवर्णन १९०७ ला छापून आलं त्याच्या नावातच "बंडाची हकीकत" आहे, आणि ते स्वतः झाशीत होते, वेढा डोळ्यांनी पाहिलेला माणूस. दोनच वर्षांनी १९०९ ला सावरकरांनी त्यालाच स्वातंत्र्यसमर म्हटलं. घटना तीच. मेलेली माणसं तीच. ताईंच्या सासऱ्यांचं पुस्तक आणि मुलाचं पुस्तक यांच्यात १८५७ बदललेलं नाही, मधे १९४७ आलं एवढंच.

वाचस्पती (११:०५)

अर्धंच बरोबर. मग हरलेल्या क्रांत्या नसतातच का? आणि जिंकलेलं बंड? गादीवर एक भाऊ जाऊन दुसरा आला तर तो जिंकला म्हणून क्रांती झाली का? कोण बसलंय हे बदलतं ते बंड, बसायची जागाच बदलते ती क्रांती.

मुळामुठा (११:०९)

म्हणजे व्याख्या आलीच शेवटी :)

सत्तरीकर (११:३१)

आमच्या गोव्यात या शब्दाची अडचण नाही, आमच्याकडे सरळ "राण्यांचं बंड" म्हणतात आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. दीपाजी राणे, १८५२, नाणूस किल्ला घेतला, पोर्तुगीजांना तीन वर्षं झोप नाही. पुढे १८९५ ला पोर्तुगीजांच्याच फौजेतल्या मराठा शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला पाठवायचं ठरलं तेव्हा ते उठले आणि दादा राणे त्यांना मिळाले. आता यात वतनाचा, हक्काचा भाग होता का? होता. इतिहासवाले म्हणतात की राण्यांना आपले मोकासे, म्हणजे इनामी गावं, टिकवायचे होते, क्रांती वगैरे नाही. असेल. पण आमची आजी भातकापणीला जी गाणी म्हणायची त्यात मोकासा नव्हता. तर बंड म्हणजे कमी आणि क्रांती म्हणजे जास्त ही जी शाळेतली शिडी आहे ना ती मला पटत नाही.

अर्धी_पोळी (सोमवार, सकाळी ७:१५)

बापरे, डबा भरता भरता वाचतेय. सत्तरीकर, शिडीचं आवडलं. घरातल्या गोष्टी येऊद्यात अजून.

खारपाटकर (८:५०)

लोकलमध्ये आहे, मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

अलिबागजवळ चरी म्हणून गाव आहे. तिथे १९३३ ला कुळांची सभा झाली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, आणि ठरलं की खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. चरी-कोपरचा संप म्हणतात. २५ गावं. १९३३ पासून १९३९ पर्यंत. सहा पावसाळे नांगर घातला नाही. ज्यांना संप म्हटलं की कारखाना आठवतो त्यांनी एवढंच बघा की कामगाराचा पगार थांबतो, इथे शेतकऱ्याने स्वतःचं जेवण थांबवलं.

माझी पणजी त्यातली. आजी सांगायची, पहाटे डोंगरावर जायचं, लाकडाची मोळी बांधायची आणि डोक्यावरून अलिबागला विकायला आणायची, पायी. मोळीचे पैसे इतके कमी की परत येताना तांदूळ घेतला तर मीठ राहायचं. भरतीच्या वेळेला खाडीत निवट्या, चिंबोऱ्या धरायच्या. आजी म्हणायची, आम्ही सहा वर्षं चिंबोऱ्या खाल्ल्या, आणि म्हणून तिने पुढे जन्मभर चिंबोरीला हात लावला नाही. आमच्याकडे! खारेपाटात! पाहुणे आले की चिंबोरीचं कालवण व्हायचं आणि ती पिठलं घेऊन बसायची. आम्ही पोरं तिला चिडवायचो. कारण माहीत नव्हतं.

बांध कुणी धरले नाहीत म्हणून खारं पाणी शेतात शिरलं, ते शेत पुढे पिकायला किती वर्षं लागली ते घरात अजून मोजतात.

आता यात दगड नाही, काठी नाही, कुणी खोताचा वाडा जाळला नाही. फक्त जे रोज करत होते ते केलं नाही. १९३४ ला बाबासाहेब आंबेडकर चरीला आले होते. १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करायचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कुळकायदा आला १९३९ ला, खोती कायद्याने गेली ती पार स्वातंत्र्यानंतर. आता सांगा याला काय म्हणणार. बंड म्हणाल तर कुणी उठलंच नाही, सगळे बसून राहिले.

दादर आलं. उतरतो.

पिंपळपान (९:२०)

चिंबोरीचं वाचून गप्प झाले.

टवाळ_कार्टा (९:३५)

मी पण. आणि माझ्यासाठी हे नवीन आहे.

शिरूरकर (११:१०)

आमच्याकडे घोडनदीकाठची गोष्ट. १८७५. पुस्तकात त्याला "दख्खनचे दंगे" म्हणतात आणि हा शब्द मला डोक्यात जातो. दंगे काय? दंगा म्हणजे क्रिकेटची मॅच हरल्यावर बस फोडतात तो.

१२ मे १८७५ ला सुप्याला बाजाराचा दिवस होता, भीमथडी तालुक्यात. आजूबाजूचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले, मागितलं काय तर रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, आणि हिशोबाच्या वह्या. त्या बाजारात आणून जाळल्या. कुठे धान्याची दुकानं लुटली, कुठे घराला आग लावली, पण जिवावर फार कमी ठिकाणी उठले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यात तीसहून जास्त गावांत पसरलं. इंग्रजांनी गावोगाव पोलीस ठाणी बसवली, ९५१ लोकांना पकडलं. आणि त्याआधीच, १८७४ च्या शेवटी, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारावर बहिष्कार पडला होता कारण तो कोर्टाचा हुकूमनामा घेऊन देशमुखांचं घर पाडायला निघाला होता. न्हावी दाढी करेना, पाणक्या पाणी भरेना.

आमच्या घरात असं सांगतात की आमचे पूर्वज, आजोबांचे आजोबा, त्या १८७५ मध्ये होते. आणि पुरावा म्हणजे त्या वेळच्या आगीतून वाचलेला एक रोखा आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. मोडीत आहे, घरात कुणाला वाचता येत नाही. दसऱ्याला बाहेर काढतो, हळदकुंकू वाहतो, परत ठेवतो. आम्ही त्याला क्रांतीचा कागद म्हणतो. कुणी हसलं तरी चालेल.

कोर्टकचेरी (१२:०५)

कोण हसेल हो. शिरूरकर, यातला कायद्याचा भाग सांगतो, त्याशिवाय रोखेच का जाळले ते कळत नाही.

१८५९ ला इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला की साध्या रोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू असा की सावकाराने व्याज वर्षानुवर्षं चढवत बसू नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द करून नवा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक व्याज, मिळून नवं मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज. आपली जुनी रीत होती दामदुपटीची, व्याज मुद्दलापेक्षा वाढू द्यायचं नाही, ती या नव्या रोख्यांपुढे निकामी झाली. नंतरच्या चौकशीत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण निघालं. त्यात १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, सावकार बोलावून बोलावून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडला, आणि नेमका त्याच सुमाराला सरकारने सारा वाढवला, तोही पन्नास ते शंभर टक्के.

शेतकऱ्याला लिहिता येत नाही, पण एवढं कळत होतं की कोर्ट त्याचं तोंड ऐकत नाही, कागद ऐकतं. म्हणून त्याने कागद जाळला. मी तर म्हणेन ही त्या काळातली सर्वात अचूक टीका होती. इंग्रज न्यायव्यवस्था कशावर उभी आहे हे पुण्यातल्या सभांमध्ये भाषणं करणाऱ्यांच्या आधी सुप्याच्या बाजारात कळलं होतं. १८७९ ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला, त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायची मुभा मिळाली.

आता एक शंका, रागावू नका. रोखा सावकाराकडे असतो. कर्ज फिटलं की परत मिळतो, तोही बहुतेक फाडून. तुमच्या घरात तो कसा?

शिरूरकर (१२:२०)

जाळताना एक उचलून आणला असं सांगतात. आठवण म्हणून.

कोर्टकचेरी (१२:२२)

असेल असेल. शक्य आहे.

पाणवठा (१:४०)

वर मुळामुठा म्हणाले की नाव जिंकणारा ठेवतो. महाडला तसं झालं नाही हे सांगायला आले.

महाडचं चवदार तळं कायद्याने खुलंच होतं! सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असं सांगणारा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने १९२४ ला तळं सगळ्यांना खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागदावर सगळं झालेलं. पाणी मात्र प्यायला कुणी गेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. आता यात "सत्ता" कुणाची उलथली? कुणाचीच नाही. कायदा मोडला? उलट पाळला. तरी लोकांना काठ्या खाव्या लागल्या आणि नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्धी केली गेली. म्हणजे ज्यांना समजायचं त्यांना बरोबर समजलं होतं की हे बंडापेक्षा मोठं आहे.

डिसेंबरमध्ये परत महाडला परिषद, तेव्हा कोर्टाची मनाई आलेली होती म्हणून पाण्याला गेले नाहीत. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे होते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. त्या परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी तुलना कशाशी केली माहितीये? १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी. तळ्यावर पाणी प्यायच्या कार्यक्रमाची! त्यांना स्वतःला अजिबात शंका नव्हती की आपण काय करतोय. आणि हायकोर्टात निकाल लागेपर्यंत १९३७ उजाडलं. ते जिंकायच्या दहा वर्षं आधी नाव ठेवून बसले होते.

कोर्टकचेरी, तुमचं रोखे जाळण्याचं वाचलं आणि वाटलं, दोन्हीकडे कागदच जाळला. एकीकडे सावकाराचा, एकीकडे धर्माचा.

मुळामुठा (२:१५)

पाणवठा, टोपी काढली. मान्य. माझं वाक्य १८५७ पुरतं ठेवतो.

पण मग टीकेचं काय? महाडला परिषद झाली, लोक चालले, मार खाल्ला. नुसतं लिहिणाऱ्यांना पण त्याच पंगतीत बसवायचं का? आम्हीही इथे लिहितोय की, आम्ही काय क्रांतिकारक? (एसी २४ वर आहे.)

पाणवठा (२:४०)

जोतीराव फुल्यांनी १८८५ ला मराठी ग्रंथकार सभेचं आमंत्रण नाकारणारं पत्र लिहिलं, रानड्यांच्या सभेचं. त्यात त्या सभेतल्या लेखकांना "घालमोडे दादा" म्हटलं. नुसतं पत्रच होतं, चालले कुठेच नाहीत. उलट गेलेच नाहीत! पण आज ती सभा लोकांना आठवते ती त्या पत्रामुळे, आणि विद्रोही संमेलनं भरतात तिथे ते पत्र अजून वाचतात. टीका कोण करतो, कुठे उभं राहून करतो आणि त्याने त्याचं काय जातं, यावर आहे. मुलींची शाळा काढली म्हणून वडिलांचं घर सोडावं लागलेला माणूस लिहितो आणि आपण एसीत लिहितो यात फरक राहणारच.

गूळखोबरं (३:०२)

एसी २४ वर म्हणजे तुम्ही सरंजामदार. आमच्याकडे गाळ्यात पंखा पण हलवावा लागतो.

मधली_आळी (४:१०)

एवढ्या मोठ्या गोष्टींत माझी छोटी. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी बावीस वर्षं एकच. हिशोब विचारला की म्हणायचे "टीका करणं सोपं असतं". दोन वर्षांपूर्वी चौघांनी ठरवलं, यांना पाडायचं. पत्रकं काय, गच्चीवर मीटिंगा काय, एकाने तर ग्रुपचं नाव "परिवर्तन" ठेवलं. पाडलं एकदाचं. नवे सेक्रेटरी आमच्यातलेच. परवा मी पाण्याच्या टँकरचा हिशोब विचारला. काय म्हणाले असतील?

टवाळ_कार्टा (४:१२)

"टीका करणं सोपं असतं."

मधली_आळी (४:१३)

शब्दशः! वाचस्पतींचं बसणारा बदलला आणि खुर्ची तीच, ते हेच. आता मी जुन्या सेक्रेटरींबरोबर चहा पिते, त्यांनाही हिशोब हवाय.

कुंडलकर (५:३०)

मधली_आळी यांच्या खुर्चीवरून आठवलं. साताऱ्याचं प्रतिसरकार, १९४३ ते ४६. क्रांतिसिंह नाना पाटील. बाहेरच्यांना त्यातली फक्त शेणोलीची रेल्वे लूट आणि पत्री ठोकणं (तळपायावर मारायची शिक्षा) आठवतं, आणि "पत्री सरकार" म्हणून हसतात. पण त्यांनी न्यायदान मंडळं चालवली होती, गावातले भाऊबंदकीचे, बांधाचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे निवाडे गावातच. कमी खर्चात लग्नं लावली, गांधी विवाह म्हणायचे. म्हणजे नुसती खुर्ची पाडली नाही, शेजारी दुसरी मांडली. मला वाटतं बंड आणि क्रांतीतला फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. तंटा झाला तर जायचं कुणाकडे?

बाकी पत्री ठोकण्यात निरपराध कुणी सापडलं नसेल असं मी म्हणणार नाही. आमच्याच भागात दोन घरं अजून एकमेकांकडे जेवत नाहीत. एका घरात त्याला न्याय म्हणतात, दुसऱ्या घरात त्या शब्दाला वेगळंच नाव आहे. शेतं शेजारी शेजारी आहेत.

खारपाटकर (७:४५)

परतीची लोकल. कुंडलकरांशी सहमत. चरीत पण संप फोडणारी घरं होती. त्यांची नावं आजी घ्यायची नाही, "ते वरच्या वाडीतले" एवढंच.

अर्धी_पोळी (९:०५)

सगळं पोराला वाचून दाखवलं, सासरे पण येऊन बसले. चिंबोरीपाशी ते म्हणाले, थांब, परत वाच. मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की त्यांच्या वडिलांची कुळकायद्यात जमीन गेली त्याला घरात "लूट" म्हणायचे. मी लग्न होऊन एकोणीस वर्षं या घरात आहे, हे पहिल्यांदा ऐकलं. पोराने लगेच विचारलं, मग आपण खोत होतो का? सासरे म्हणाले, खोत नाही रे, थोडीशीच होती.

पोरगा म्हणतो, थोडीशी म्हणजे किती? अजून उत्तर आलेलं नाही.

टवाळ_कार्टा (९:०९)

बाळ आठवीतच टीकाकार झालं. अभिनंदन.

बोरूबहाद्दर (१०:२०)

उशिरा आले. मी मोडी वाचते, तीन वर्षं शिकतेय, कुणाला कागद वाचून हवा असेल तर मला मजाच येते. शिरूरकर, तुमच्या कागदाचा फोटो टाकाल का? दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, कागद दाबून सपाट करू नका, घडीवर तुटेल. आणि कृपा करून त्यावर आता हळदकुंकू वाहू नका, शाई जाते.

शिरूरकर (मंगळवार, सकाळी ७:५०)

फोटो टाकलाय. खिडकीत धरून काढला. उजव्या कोपऱ्यात हळद लागलीये, सॉरी. खाली अंगठा आहे बघा, आमच्या पूर्वजांचा.

बोरूबहाद्दर (११:३०)

वाचला बहुतेक सगळा. अक्षर चांगलं आहे, कुळकर्ण्याचं असावं.

आधी ते अंगठ्याचं. अंगठा नाहीये तो. त्या काळी रोख्यावर अंगठा घेत नसत. शेजारी लिहिलंय "निशाणी नांगर". ज्याला सही येत नाही तो शेतकरी नांगराचं चित्र काढायचा. तुमच्या फोटोत ते थोडं तिरकं आलंय, रुमणं आणि फाळ दोन्ही दिसतात, हात थरथरला असावा किंवा बोरू धरायची सवय नसावी.

मिती शके १७९४, अंगिरा नाम संवत्सर, चैत्र. म्हणजे एप्रिल १८७२. मजकूर साधारण असा की पूर्वीच्या रोख्याचे मुद्दल ४० रुपये आणि त्यावरचे व्याज ३५, एकूण ७५ रुपये, "ते आज रोजी रोख पावलो", मुदत तीन वर्षं. कोर्टकचेरी म्हणाले तेच, प्रत्यक्षात हातात एक पैसा न पडता "रोख पावलो" लिहून घेतलंय.

"लिहून घेणार" आणि "लिहून देणार" दोघांची नावं स्पष्ट आहेत. इथे लिहीत नाही, शिरूरकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधी तो बघा.

कोर्टकचेरी (११:४८)

चैत्र १७९४ मध्ये तीन वर्षं मिळवा. मुदत संपते एप्रिल १८७५ ला. सुप्याचा बाजार मे महिन्यात. म्हणजे नवा रोखा लिहून घ्यायची वेळ आणि ते एकाच उन्हाळ्यातलं.

पाणवठा (१२:३०)

एक भर. तेव्हाच्या चौकशीत असंही आलंय की शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावातले आपल्यापैकी सावकार होते त्यांच्या वाट्याला बरंच कमी गेलं. त्यांचे कागद जास्त टिकले.

मुळामुठा (१२:३४)

हे कुणी सांगत नाही.

अर्धी_पोळी (१:१०)

शिरूरकर? आहात ना?

शिरूरकर (रात्री १०:५५)

आहे. दिवसभर काय लिहावं कळत नव्हतं.

व्यनि वाचला. लिहून घेणार आमचे आहेत. आजोबांचे आजोबाच, नाव, वडिलांचं नाव, गाव सगळं जुळतं. आगीतून कुणी उचलून आणलेला नाही तो कागद. तो आधीपासून आमच्याच घरात होता.

आणि लिहून देणाराचं आडनाव. आमचं ओढ्याकाठी एक वावर आहे, सव्वादोन एकर, त्याला लहानपणापासून आम्ही एका आडनावाची पट्टी म्हणतो. त्या आडनावाचं गावात आता एकही घर नाही. मला वाटायचं वावरांना अशीच नावं असतात, चिंचेचं, वडाचं, तसं.

संध्याकाळी आईचा फोन आला होता, कागदात काय निघालं म्हणून. म्हटलं, अजून वाचतायत.

बोरूबहाद्दर ताई, त्या नांगराचा जवळून एक फोटो काढून पाठवतो उद्या. नीट बघायचाय मला.